सिरॅमिक कोटिंग केलेली गाडी खान्देशच्या उन्हात आणि बोअरच्या पाण्यात कशी जपावी

सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर चढवलेला पारदर्शक संरक्षक थर. सहा महिन्यांत गाडी निस्तेज दिसायला लागली की मालक म्हणतो, कोटिंग उडालं. बहुतेक वेळा ते जागेवरच असतं, त्यावर बोअरच्या पाण्यातला क्षार चढलेला असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोटिंगला दोन गोष्टी मारतात: हे जड पाणी आणि धुळीवर फिरवलेलं कोरडं फडकं. रोज सकाळी फडकं मारायची सवय आधी बंद करा.

कोटिंग झाल्यावर ७ दिवस गाडी धुऊ नका, थर पक्का होत असतो. पाऊस पडलाच तर मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या.

त्यानंतर दर १०-१५ दिवसांनी धुवा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सकाळी ८ च्या आत आणि सावलीतच. बॉनेटला हात गरम लागला तर आधी गार होऊ द्या.

सुरुवातीला नुसत्या पाण्याने धूळ उतरवा. प्रेशर पंपाचं नोझल दीड फूट लांब धरा. रावेर-यावलकडच्या शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या चाकांवरच्या कमानीत काळ्या मातीचे गोळे वाळलेले असतात. ते १० मिनिटं भिजवा, खरवडू नका. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला बसणारी राखही अशीच पाण्याने वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत १० लिटर पाणी आणि बाटलीवरच्या मापाने पीएच-न्यूट्रल (ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा टपापासून खाली सरळ रेषेत फिरवा आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून घ्या. त्या बादलीच्या तळाशी साचलेली रेती बघितली की दुसरी बादली का हवी ते कळतं. कपड्यांची पावडर नको, ती अल्कधर्मी असते आणि कोटिंगचा पाणी झटकण्याचा गुण मारते.

खरी काळजी शेवटच्या पाण्याची. कोटिंगवर पाणी पसरत नाही, गोल थेंब होऊन उभं राहतं. ऊन लागलं की पाणी उडतं आणि त्या थेंबातलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम टिकलीएवढ्या जागेत उरतं. म्हणून अशा गाडीवर पांढरी वर्तुळं जास्त ठळक दिसतात. यासाठी शेवटचा हात आरओच्या पाण्याचा द्या. घरी येणाऱ्या २० लिटरच्या जारमधलं अर्धं पाणी पुरतं. तांब्याने टपावरून हळूहळू सोडा. लगेच जाड टॉवेल पसरून टिपा, घासू नका. आरशांच्या आणि दारांच्या फटीत पाणी लपतं, तेही काढा.

वर्तुळं पडलीच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी समप्रमाणात घेऊन कापड भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. वर्तुळाची कडा तरीही बोटाला लागत असेल तर क्षाराने थर खाल्लाय. तिथे पॉलिश लागेल, आणि पॉलिशने कोटिंगही निघेल, म्हणजे तेवढा भाग पुन्हा कोट करून घ्यावा लागेल.

पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढा. ओलं कापड ३ मिनिटं ठेवून ती मऊ झाली की उचला.

दर ३-४ महिन्यांनी सिरॅमिक टॉपर स्प्रे (कोटिंगचा गुण ताजा करणारा फवारा) मारा, पण आधी क्षार काढा. क्षारावर मारलेला टॉपर टिकत नाही.

टॉवेल घरच्या कपड्यांत मिसळू नका आणि कपडे मऊ करणारं लिक्विड वापरू नका, त्याने धागे बुजतात आणि काचेवर ओघळ राहतात. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय गाडीला लावू नका.