नवजात बाळाच्या रडण्याचं ध्वनिविश्लेषण: या चुका टाळा

नवजात बाळाच्या रडण्याचा मूळ स्वर साधारण ४०० ते ६०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) असतो, मोठ्या पुरुषाच्या बोलण्याचा १२० च्या आसपास. त्यामुळे मोठ्यांच्या आवाजाची सेटिंग तशीच ठेवली की घोळ झालाच.

प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिचची, म्हणजे मूळ स्वराची, मर्यादा ७५ ते ६०० राहिली आणि बाळ ७०० वर किंचाळलं, की आलेखाची रेघ अचानक ३५० वर कोसळते. वर जायला वाव नसतो, म्हणून सॉफ्टवेअर दुप्पट लांबीचं आवर्तन पकडतं, म्हणजे दोन कंपनांना एकच समजतं. मर्यादा २०० ते १२०० करा. त्याहून वर गेलेले तुकडे नजरेने तपासा. पण रेघ कोसळली म्हणजे चूकच, असंही नाही. काही वेळा बाळाचे स्वरतंतू खरोखरच तशा दुप्पट आवर्तनाने कंपतात. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातले स्वर पट्ट्यांसारखे दाखवणाऱ्या चित्रात) ७०० आणि १४०० च्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, १०५० वर, फिकट पट्टी दिसते का बघा. दिसली तर ती घसरण बाळाचीच आहे, पुसू नका. ही खात्री न करता सरासरी काढली, तर पुढचं सगळं गणित फुकट.

रेकॉर्डिंग बिघडलं असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर ते दुरुस्त करत नाही. माइक तोंडापासून ३० सेंटिमीटरवर, प्रत्येक बाळाला तेवढाच. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. फोनवरचं नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं) बंद करा, नाहीतर पहिली किंकाळी दबते आणि मागचा श्वास फुगतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप मोजमापाला घेऊ नका. लाटेचे शेंडे सपाट दिसले तर गेन कमी करून पुन्हा घ्या.

नाशिकच्या मे महिन्यात वॉर्डातला पंखा बंद करा म्हणणं बाळावर अन्याय आहे. माइकला फोमचं टोपण घाला, तो वाऱ्याच्या झोताबाहेर धरा आणि १५० हर्ट्झखालचं गाळा. विजेची ५० ची घरघरही त्यात जाते. पंचवटीतल्या देवळाची घंटा किंवा मॉनिटरचा बीप मात्र गाळता येत नाही, कारण तो रडण्याच्याच पट्ट्यात बसतो. तेवढा तुकडा सोडून द्या.

उच्छ्वासाचं रडणं आणि श्वास आत घेतानाचा आवाज वेगवेगळा खुणवा. रडणं ओळखणारं संगणकाचं मॉडेल शिकवताना एकाच बाळाच्या क्लिप शिकवणी आणि चाचणी, दोन्हीकडे ठेवल्या तर ते रडणं नव्हे, बाळ ओळखायला शिकतं.

क्लिपच्या लेबलमध्ये ‘भूक’, ‘दुखणं’ लिहू नका. ते तुमचं अनुमान झालं. जे घडलं तेच लिहा: ‘टाचेतून रक्त घेतलं’, ‘शेवटचं दूध अडीच तासांपूर्वी’.