घरात सगळ्यांचाच घोळणा फुटत असंल तं फुप्फुस तपासून घ्या

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला का लेकरांचा घोळणा फुटतेच, माय कांदा फोडून नाकाशी धरते अन् विषय संपते. पण ज्या घरात आजा, बाप, आत्या, पोरगं सगळ्यांचंच नाक पावसाळ्या-हिवाळ्यात पण फुटते त्यांनी हे नीट वाचा.

अशा घरात एचएचटी नावाचा रक्ताच्या नळ्यांचा आनुवंशिक आजार असू शकते. त्यात बऱ्याच जणांच्या फुप्फुसात अशुद्ध रक्ताची नळी सरळ शुद्ध रक्ताच्या नळीला जोडलेली राहते, मधल्या बारीक केशवाहिन्याच नसतात, अन् रक्तातले जंतू, बारक्या गुठळ्या अडवायचं काम त्याच करतात. ठिबकचा फिल्टर काढून पाणी सोडलं तं कचरा ड्रिपरपर्यंत जातेच ना, तसे हिरड्यातले जंतू मेंदूत जाऊन तिथं पू धरू शकते. गुठळी गेली तं लकवा, तरण्या माणसाला पण.

आधी घरीच पाहा. ओठ, जिभेचं टोक, बोटांची टोकं उजेडात धरा. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, दाबले का फिके पडते अन् सोडले का परत लाल, असे दिसले तं डॉक्टरला दाखवा. आशाताईकडं ऑक्सिमीटर असंल तं झोपून एकदा अन् उभं राहून एकदा ऑक्सिजन मोजा, उभं राहिल्यावर कमी भरला तं संशय वाढते. आकडा चांगला आला म्हणून मात्र सुटलो समजू नका, अशा जोडलेल्या बारक्या नळ्या त्यात सापडत नाही.

नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला गेले तं नुसतं नाक फुटते म्हणू नका, घरात कोणाकोणाचं फुटते ते सगळं सांगा अन् बबल इको (हृदयाची एक सोनोग्राफी) करायचा का ते विचारा. त्यात शिरेतून बारीक बुडबुड्याचं सलाईन देते अन् ते हृदयाच्या डाव्या बाजूला पोचते का ते पाहते. पोचलं तं छातीचा सीटी स्कॅन. अशी जोडलेली नळी सापडली तं बहुतेक वेळा जांघेतल्या शिरेतून तार घालून कॉइलनं (धातूच्या बारीक वेटोळ्यानं) बंद करता येते, छाती फाडा लागत नाही.

दाताचं मी मुद्दाम सांगतो. तंबाखूचा खर्रा खाऊन हिरड्या सडलेल्या, अन् दात हलला का जाऊन उपटून घेतला, हे फुप्फुसात अशी नळी असलेल्या माणसासाठी लय धोक्याचं आहे. दात काढायच्या आधी अँटिबायोटिकचा डोस लागते, तो डॉक्टरला विचारूनच, मेडिकल दुकानातून आपल्या मनानं नाही. सलाईन लावताना नळीत हवा राहू देऊ नका, सिस्टरला आधीच सांगून ठेवा.

डोकं थांबता थांबत नाही, ओकाऱ्या, फिट, एक हात लुळा, बोलणं अडखळते, ह्यातलं काही झालं तं ताप असो नसो, चप्पल हुंगवत बसू नका, बाहेरचं म्हणून कोणाकडं नेऊ नका, १०८ बोलवा. मेंदूतला पू काढला अन् फुप्फुसातली नळी तशीच राहिली तं तो परत होऊ शकते, म्हणून तिथं फुप्फुसाचं पण विचारा.

एकाला निघालं तं भाऊ-बहिणी अन् लेकरं पण तपासा, माय नाही तं बाप, एकाला असंल तं प्रत्येक लेकराला यायची शक्यता ५० टक्के राहते. सुनेला किंवा लेकीला हा आजार असंल तं दिवस जायच्या आधीच तपासणी करा, गरोदरपणात ह्या नळ्या वाढून छातीत रक्तस्राव होऊ शकते.