या चुका टाळा: क्युबिटला पल्स देताना

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक; तो शून्य, एक किंवा दोन्ही एकत्र अशा अवस्थेत असू शकतो. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत अतिवाहक क्युबिटवर काम चालतं, पवईच्या आयआयटीत हिऱ्यातल्या नायट्रोजन-पोकळी केंद्रांवर. दोन्हीकडे क्युबिटची अवस्था वळवायला मायक्रोवेव्हची पल्स लागते. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: आधी दोष ओळखा, मग पल्स निवडा.

समजा, पल्सची ताकद १० टक्के कमी पडली. १८० अंशांची पल्स १६२ अंशच वळवते आणि शून्यातून एकमध्ये जाताना सुमारे २.४५ टक्के चूक राहते. लेव्हिट आणि फ्रीमन यांची १९७९ सालची तीन तुकड्यांची पल्स (एक्स अक्षाभोवती ९०, वायभोवती १८०, पुन्हा एक्सभोवती ९०) हीच चूक ०.०६ टक्क्यांवर आणते. आकडा पाहून कुणीही खूश होईल. पण तो फक्त शून्य अवस्थेतून सुरुवात केली तरच खरा. शून्य आणि एक यांची एकत्र अवस्था (सुपरपोझिशन) दिलीत, तर ताकदीतली तूट जवळजवळ सगळी फेजमध्ये, म्हणजे त्या दोन भागांमधल्या कोनात, उतरते, सुमारे १८ अंशांची. गेट म्हणून, म्हणजे कुठल्याही अवस्थेवर चालणारी क्रिया म्हणून, ही पल्स साध्या पल्सहून तसूभरही सरस नाही! नुसती शून्य-एकची मोजणी हे कधीच दाखवत नाही. म्हणून चाचणी सुपरपोझिशनपासूनही घ्या आणि फेज मोजा.

गेटच हवं असेल तर विम्पेरिस यांची १९९४ सालची ‘बीबी१’ ही अनेक तुकड्यांची पल्स आहे. ती कुठल्याही अवस्थेला चालते, पण १८० अंशांसाठी पाचपट वेळ खाते. क्युबिटची सुसंगती (क्वांटम अवस्था न बिघडता टिकणं) तेवढी टिकत नसेल तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. पल्सची वारंवारता क्युबिटच्या वारंवारतेपासून सरकली असेल तर बीबी१चा उपयोग नाही. तिथे ‘कॉर्प्स’ ही त्या दोषासाठीची तुकड्यांची पल्स वापरा. सरकली आहे का, हे रॅम्से प्रयोग (दोन ९० अंशांच्या पल्सांमध्ये थांबून फेज पाहणं) सांगतो.

ताकद रोज, प्रत्येक क्युबिटला सारखीच कमी पडत असेल तर खास पल्स कशाला? साधी १८० ची पल्स वीस वेळा लागोपाठ द्या; एका अंशाची तूट वीस अंश होऊन समोर येते. कॅलिब्रेशन, म्हणजे पल्सच्या ताकदीची जुळवणी, सुधारलं की काम झालं.

ट्रान्समॉनवर (अतिवाहक क्युबिटचा एक प्रकार) पल्स फार आखूड केली तर क्युबिट शून्य-एकच्या पलीकडच्या तिसऱ्या पातळीवर निसटतो. त्यासाठी ही गळती रोखणारा ‘ड्रॅग’ हा पल्सचा आकार आहे. संगणकावर ‘ग्रेप’ने (पल्सचा सर्वोत्तम आकार शोधणाऱ्या पद्धतीने) काढलेला दातेरी आकार केबलमधून जाताना बोथट होतो. हा बोथटपणा आधी मोजून गणितात घाला, मगच पल्स काढा.