क्युप्रिक ब्रोमाइड हाताळण्याआधी: पावसाळ्यातील तयारी

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये अ‍ॅसिटोफिनोन या कीटोनपासून क्युप्रिक ब्रोमाइड (तांबे आणि ब्रोमीनचा क्षार) वापरून फेनॅसिल ब्रोमाइड करायचे असेल, तर तयारी आदल्या दिवशी डेसिकेटरपासून, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यापासून, सुरू करावी. त्यातील बाष्प शोषणारी सिलिका जेल ओलीने गुलाबी पडली असेल तर ती ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सिअसला पुन्हा निळी होईपर्यंत तापवावी, झाकणाच्या कडेला ग्रीस लावावे आणि क्युप्रिक ब्रोमाइड पसरट डिशमध्ये घेऊन रात्रभर आत ठेवावे. हे काळे स्फटिक हवेतील बाष्प ओढून घेतात आणि दमट हवेत अक्षरशः पाझरू लागतात. मागच्या वेळी नेमके हेच राहिले, आणि सगळी खटपट होऊन बरेचसे कीटोन जसेच्या तसे परत मिळाले.

कारण हिशेबातच आहे. कीटोनच्या एका रेणूमागे क्युप्रिक ब्रोमाइडचे दोन लागतात: एक ब्रोमीन कीटोनवर बसतो, दुसरा हायड्रोजन ब्रोमाइड होऊन निघून जातो. म्हणजे १.२० ग्रॅम अ‍ॅसिटोफिनोनला ४.४७ ग्रॅम क्युप्रिक ब्रोमाइड. त्यात दहा टक्के पाणी असेल तर प्रत्यक्षात ४.०२ ग्रॅमच पडते, दहावा हिस्सा कीटोन उरतो आणि तराजूवर काहीच कळत नाही. म्हणून सिलिका जेलचा रंग वजन करण्यापूर्वी पुन्हा पाहावा. घाई म्हणून हे क्षार बर्नरवर वाळवू नयेत. तापवल्यास ब्रोमीन सुटतो आणि मागे क्युप्रस ब्रोमाइड राहते. चमचा प्लॅस्टिकचा किंवा पोर्सिलीनचा घ्यावा, कारण ओलसर क्षार लोखंडाला खातो. डिश बाहेर काढली की लगेच वजन करावे, उरलेले लगेच आत ठेवावे. गप्पा नंतर.

चष्मा, हातमोजे, एप्रन हे सांगायला नको; काच मात्र ओव्हनमधून काढलेली, पूर्ण कोरडी असावी. द्रावक म्हणून क्लोरोफॉर्म आणि इथाइल अ‍ॅसिटेट समप्रमाणात घ्यावे, तेही कोरडे. सगळे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करावे, कारण क्लोरोफॉर्मची वाफ घातक आहे, हायड्रोजन ब्रोमाइड श्वासमार्ग जाळतो आणि तयार होणारे फेनॅसिल ब्रोमाइड डोळ्यांतून धारा काढते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून येऊ नये. फ्लास्कवरच्या कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या नळीच्या) तोंडाशी कॅल्शियम क्लोराइडची नळी जोडावी (पुन्हा तेच, बाष्प!) आणि तिथून निघणारा वायू सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावर उपड्या धरलेल्या नरसाळ्यात सोडावा. नरसाळे द्रावणात बुडवू नये, नाहीतर द्रावण उलटे फ्लास्कमध्ये ओढले जाईल.

ढवळणे जोरात हवे, नाहीतर काळ्या कणांवर पांढऱ्या क्युप्रस ब्रोमाइडचा थर बसून आतला भाग कामी येत नाही. हिरवा रंग जाऊन द्रावण पिवळसर तपकिरी झाले, काळे कण संपले आणि वायू थांबला की थंड करून गाळावे.

कचऱ्याच्या बाटल्या आधीच लेबल लावून ठेवाव्यात: तांब्याची वेगळी, क्लोरोफॉर्मची वेगळी. क्लोरोफॉर्मच्या बाटलीत अ‍ॅसिटोन किंवा अल्कली कधीही जाऊ नये, त्याने स्फोट होऊ शकतो. तांबे जलचरांना विषारी आहे. बेसिनमध्ये काहीही ओतू नये. उरलेले क्युप्रिक ब्रोमाइड डेसिकेटरमध्ये.