मारुती आठशेचं इंजिन ‘गेलं’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

मे महिना, दुपारचे दोन. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढाला आमची ९८ सालची मारुती आठशे ट्रकांच्या रांगेत अडकली. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. आण्णा चालवत होते. मी म्हणालो, “आण्णा, तापमानाचा काटा वर चाललाय.” ते म्हणाले, “दोन वळणं राहिलीत, वर सपाटीला सावली बघून थांबू.” त्या दोन वळणांत हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा ठोकळा, वाकलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं आणि सांगितलं, “तिन्ही सिलिंडर बसलेत. रिंगा, बेअरिंग, बोअरिंग, सगळं काम काढावं लागेल. त्यापेक्षा भंगारात द्या.” आण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मिरजेहून मामा आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांची हयात गेली. त्यांनी तीच तपासणी परत केली आणि वेगळंच उत्तर निघालं. इंजिन गेलं नव्हतं, हेडखालची पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं होतं. ती गाडी अजून आमच्या दारात आहे.

मारुती आठशे १९८३च्या डिसेंबरात आली आणि २०१४पर्यंत बनत राहिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हातात पाना धरता येणाऱ्या कुणालाही समजेल असं इंजिन. आपल्याकडच्या गावांत अशा गाड्या अजून खूप आहेत आणि त्यातल्या कितीतरी नुसत्या चुकीच्या निदानापायी भंगारात जातात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

काटा वर गेल्यावर ‘अजून थोडं पुढं’

सगळ्यात महाग चूक हीच. हेड अॅल्युमिनियमचं असतं. ते तापलं की पसरतं, पण बोल्टांनी जखडलेलं असल्याने त्याला जागा मिळत नाही आणि ते वाकतं. काटा लाल रेघेला टेकल्यानंतरचा एक किलोमीटरही त्याला पुरतो.

काटा नुसता चढू लागला असेल आणि घाटात थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. मे महिन्यात अंगाची लाही होईल, पण हीटर म्हणजे इंजिनला मिळालेला एक छोटा जादा रेडिएटरच. काटा तरीही खाली येत नसेल किंवा बॉनेटमधून वाफ दिसली, तर मिळेल तिथे डाव्या कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. मागच्या चाकाला दगड लावा. मग किमान पाऊण तास काहीही करू नका.

‘काहीही’मध्ये रेडिएटरचं झाकण आलंच. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, १३५० मीटरवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. गाडीत मात्र झाकणाने दाब धरून ठेवलेला असतो. झाकणावर ०.९ (बार, म्हणजे दाबाचं माप) असा आकडा असेल, तर त्या दाबाखाली पाणी साधारण ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. ते झाकण तुम्ही फिरवता त्या क्षणी दाब सुटतो आणि आतलं सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. घाटात रस्त्याकडेला हात भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं, तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका. आम्ही ते केलं. बाटलीतलं गार पाणी आण्णांनी रेडिएटरमध्ये ओतलं आणि आतून ‘कट’ असा आवाज आला. इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावरच पाणी घालायचं, तेही इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं.

झाकणाचं रबर सुकलं असेल तर दाब धरला जात नाही आणि चढावर गाडी उगीच उकळते. हा भाग अगदी स्वस्त आहे, पण रेडिएटर धुऊन, पंप बदलून झाल्यावर शेवटी त्याची आठवण येते. ती आधी यावी.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

“आपल्याकडं उन्हाळा असतोय, थर्मोस्टॅटची गरजच नाही, काढून टाका.” हा सल्ला सांगली-साताऱ्यात प्रत्येक गॅरेजला मिळेल, आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर इंजिन लवकर गरम होऊ देतो. तो काढला की इंजिन कायम थंड चालतं. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधली ओल उडून जात नाही, रिंगा आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय मूळ बिघाड झाकला जातो, तो पुढच्या घाटात पुन्हा वर येतो.

शंका असेल तर थर्मोस्टॅट काढा आणि गॅसवर पातेल्यात पाण्यात उकळत ठेवा. पाणी उकळायच्या आत तो उघडायला हवा आणि गार झाल्यावर मिटायला हवा. तसं झालं नाही तर नवा घाला, पण जागा रिकामी ठेवू नका.

आमच्या गाडीत मूळ दोष पंख्याचा होता. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी तापलं की थर्मो स्विच त्याला चालू करतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्या स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या की पंखा फिरलाच पाहिजे. फिरला, तर मोटर ठीक आणि स्विच मेलेला. मामांनी ते दोन मिनिटांत दाखवलं. सपाट रस्त्यावर समोरून वारा येतो म्हणून कळत नाही. रांगेत अडकलं की मगच कळतं. २०००च्या आसपास आलेल्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत मात्र अशा वायरी परस्पर जोडू नका, आधी वायरिंग माहीत असलेल्या माणसाला विचारा.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं हीही इथलीच सवय. पाणी जड असेल तर किटलीच्या तळाशी बसतो तसा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. रेडिएटरमधून विटकरी पाणी निघत असेल तर आत गंज धरलाय.

पावसाळ्यातली ‘दुधी मलई’

ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधी मलई दिसली की लगेच “हेड गॅस्केट गेलं” असं सांगून इंजिन उघडलं जातं. साताऱ्याच्या पावसाळ्यात, गाडी रोज राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतच जात असेल तर इंजिन पुरतं गरमच होत नाही. हवेतली ओल झाकणाला धरते आणि ऑइलमध्ये मिसळून मलई होते. झाकण पुसा, गाडी तासभर हायवेवर चालवून आणा आणि मग डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) बघा. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं दिसलं आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर गॅस्केटकडे बोट दाखवा. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूरही गाडी तापल्यावर थांबत असेल, तर ती नुसती वाफ असते.

चुकीचं मोजलेलं कॉम्प्रेशन

इथेच आमची गाडी भंगारात जाता जाता राहिली. त्या गॅरेजमध्ये बॅटरी अर्धी उतरलेली होती. एकच प्लग काढून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता गेज लावला होता. तिन्ही सिलिंडर ९० पीएसआयच्या (दाबाचं माप) आत आले आणि निकाल लागला.

मामांनी आधी शेजाऱ्यांची चार्ज असलेली बॅटरी आणली. तिन्ही प्लग काढले, प्लगला वीज देणाऱ्या कॉइलची मुख्य वायर सोडवली, मला आत बसवून म्हणाले, “पाय तळापर्यंत दाब आणि मी थांब म्हणेपर्यंत चावी सोडू नको.” अॅक्सिलरेटर दाबला नाही तर सिलिंडरमध्ये हवाच जात नाही, मग दाबायला काय उरणार? पहिल्या सिलिंडरला १६० आलं. दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ७५.

पेट्रोल इंजिनला १५० ते १८० आलं तर चांगलं समजायचं. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांहून जास्त नसावा. कमी आलेल्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने त्यांची फट भरली. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. आमचा हलला नाही. त्यात शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकसारखे बसलेले, म्हणजे त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली. हेड काढल्यावर नेमकं तेच दिसलं, काळी पडलेली, करंगळीएवढी जागा. रिंगा, बोअर, बेअरिंग सगळं चांगलं होतं.

एवढी तपासणी होईपर्यंत कुणालाही इंजिन उघडू देऊ नका. गेज नसेल तर दुसरं गॅरेज बघा.

काटा मध्यावर आणि गाडी बंद

गाडी यवतेश्वर चढताना बंद पडली, काटा मात्र जागेवर. अशा वेळी इंजिनला नावं ठेवायच्या आधी स्पार्क (प्लगची ठिणगी), पेट्रोल आणि टायमिंग बेल्ट (वॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) बघा.

लोक चुकतात ते वेळेत. गाडी अर्धा तास उभी राहते, निवते, चालू होते, मग गॅरेजला नेतात. तिथे सगळं ठीक दिसतं. कॉइल तापल्यावर मरत असेल तर ती बंद पडलेली असतानाच तपासली पाहिजे. एक प्लग काढून वायरीत बसवा, त्याचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली चालत नाही.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो. उन्हाळ्यात चढावर तो इतका तापतो की नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत राहतो. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. चालू झाली तर दोष सापडला.

स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून स्टार्टर मारा. आतला रोटर फिरत नसेल तर टायमिंग बेल्ट तुटलाय. मग ढकलून चालू करण्याच्या फंदात अजिबात पडू नका.

पेट्रोल आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं आहे, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. नळ्या आणि पंपाचा पडदा बोटाने चाचपून बघा, मऊ किंवा भेगाळलेले असतील तर बदला. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो, फिल्टर लवकर बदला. इथेनॉल ओल ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने तशीच उभी ठेवू नका.

हेड उतरवल्यावर

नवं गॅस्केट टाकून जुनं हेड तसंच बसवणं ही अर्धवट दुरुस्ती. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) घालायचा. ०.०५ मिलिमीटरची पात आत गेली तर लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्यायचं. त्यापेक्षा जास्त घासावं लागत असेल तर किती घासता येईल ते आधी विचारा. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेलं हेड पुन्हा गळतं. टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट आणि झाकण याच वेळी नवं घाला, मजुरी एकदाच पडते. जुने सुटे भाग मागून घ्या, त्यांच्याकडे बघून बरंच कळतं.

ऑइलमध्ये पाणी शिरलं असेल तर एकदा बदलून भागत नाही. गाडी चालू झाल्यावर साधं ऑइल घालून दहा मिनिटं उभ्या जागी चालवायची, ते काढून टाकायचं, मग चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर. मामांनी आमच्याकडे पहिलं ऑइल परातीत काढून दाखवलं, ताकासारखं. दुसरं जरा मळकट. तिसऱ्यांदा डिपस्टिकवर मधासारखा रंग आल्यावरच त्यांनी आण्णांच्या हातात चावी दिली.