मागच्या दाराचा खोटा अलार्म

घरी स्वतः बसवलेला अलार्म मध्यरात्री कारण नसताना वाजू लागला, तेव्हा मी आधी सेन्सरलाच दोष दिला आणि तो बदललाही, उपयोग शून्य. मग पॅनेलचा (अलार्मच्या नियंत्रण पेटीचा) वीजपुरवठा व बॅटरी तोडून, मागच्या दाराच्या झोनच्या, म्हणजे त्या दाराच्या सेन्सरकडून येणाऱ्या सर्किटच्या, दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटर लावला. दार बंद असताना चुंबकी स्विचचे (म्हणजे दाराच्या सेन्सरचे) सर्किट पूर्ण असते, त्यामुळे रोध फार तर काही ओहम दिसायला हवा होता. पण चौकटीजवळची तार हलवताच आकडा हजारांवर उडत होता. तिथे मी तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती, हा शुद्ध आळस. जोड साफ करून डाख दिला, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली.

त्याच वेळी दुसरी चूक लक्षात आली: ज्याचा रोध दिसला की पॅनेल दार बंद आहे असे समजते, तो ५.६ किलोओहमचा रेझिस्टर मी सोयीसाठी पॅनेलमध्येच बसवला होता, त्यामुळे वाटेत कोणी दोन तारा एकत्र जोडल्या असत्या तरी पॅनेलला दार बंदच भासले असते. तो आता स्विचपाशी, स्विचच्या एकसरीत आहे; तारा जोडल्या गेल्यास रोध शून्याजवळ येतो आणि पॅनेल बिघाड दाखवते.