सॉल्व्हंट विकताय? कोकणात या चुका टाळा

लोटे-परशुराम, महाड, रोहा या कारखानदारी पट्ट्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असे सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारी रसायनं, विकणाऱ्याला जूनपासून एकच तक्रार ऐकू येते: "मालात पाणी आहे." विकणारा सीओए (मालाच्या तपासणीचं प्रमाणपत्र) पुढे करतो, त्यातले आकडे चोख असतात, आणि बोलणं तिथेच अडतं. बहुतेक वेळा दोघंही खरंच सांगत असतात. टँकरमधून उतरला तेव्हा माल कोरडाच होता; पाणी शिरलं ते नंतर, आपल्याच आवारात.

उघड्यावर उभे ड्रम

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उघडीप मिळाली की ड्रम तापतो, आतली हवा आणि वाफ फुगून बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर जाते. मग जोराची सर येते, पत्रा एकदम गार होतो, आत ओढ तयार होते. ड्रमच्या डोक्यावर कडेच्या आत बोटभर पाणी साचलेलं असतंच. ते बुचातून आत खेचलं जातं. वॉशर जुना असेल तर बूच कितीही आवळा, उपयोग नाही. हे रोज थोडं थोडं होत राहतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

छपराखाली जागा करणं हाच खरा उपाय. ते जमेपर्यंत ड्रम आडवे ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे फिरवा. बुचांना आतून माल लागलेला राहिला की हवा-पाणी आत ओढलं जात नाही. उभेच ठेवायचे तर एका बाजूखाली फळी सरकवून असे कलते करा, की साचलेलं पाणी बुचांपर्यंत पोहोचणार नाही. आणि काही झालं तरी ड्रम थेट जमिनीवर नकोत. खाऱ्या हवेत पत्रा तळाच्या कडेला आधी सडतो, आणि तिथली गळती वरून दिसत नाही.

नमुना वरून काढणं

टोल्युइन, झायलीन, हेक्झेन यांच्यात पाणी जवळजवळ विरघळत नाही, ते तळाशी जाऊन बसतं. वरून काढलेला नमुना त्यामुळे नेहमीच सुंदर येतो. काचेची लांब नळी तळापर्यंत घाला, वरचं टोक अंगठ्याने बंद करा आणि बाहेर काढा. अंगठ्याला हातमोजा हवाच. नळीच्या खालच्या टोकाला वेगळा थर दिसला तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. टँकरसाठी मोजपट्टीच्या टोकाला पेट्रोल पंपावर वापरतात ती वॉटर पेस्ट लावली तरी चालते.

अ‍ॅसिटोन, आयपीए, मेथॅनॉल यांची गोष्ट निराळी. पाणी त्यांच्यात पुरतं मिसळतं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिथे कार्ल फिशर चाचणीला, म्हणजे मालातलं पाणी नेमकं मोजणाऱ्या चाचणीला, पर्याय नाही. यंत्र परवडत नसेल तर निदान संशयित बॅचचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

नमुना पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची सवय मात्र मोडाच. प्लॅस्टिक मालाला लागतं हे एक, आणि तहानलेला हमाल ती तोंडाला लावू शकतो हे त्याहून मोठं. गडद काचेची बाटली, बॅच क्रमांक, तारीख, सही. प्रत्येक बॅचची एक बाटली ग्राहकाचा माल वापरून संपेपर्यंत सांभाळा.

हायड्रोमीटरवर आंधळा विश्वास

टोल्युइनची घनता २० अंशांना सुमारे ०.८६७ असते. ३३ अंशांच्या मालात तोच हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती काचनळी) ०.८५५ च्या आसपास दाखवतो, आणि ग्राहक म्हणतो भेसळ आहे. भेसळ नाही, माल गरम आहे. दर अंशाला साधारण ०.०००९ धरून हिशेब करा आणि घनतेशेजारी तापमान लिहिल्याशिवाय कोणताच आकडा वहीत घेऊ नका. याच कारणाने ड्रम काठोकाठ भरू नये. २०० लिटर टोल्युइन १० अंशांनी तापलं की दोन लिटरच्या वर फुगतं. किलोने घेऊन लिटरने विकणाऱ्यांनी हा फरक वर्षातून एकदा तरी कागदावर मांडून बघावा. नफ्यात किती फरक पडतो ते कळेल.

आता खरी मेख. अ‍ॅसिटोन आणि मेथॅनॉल दोघांचीही घनता ०.७९ च्या आसपास. मेथॅनॉल घातलेलं अ‍ॅसिटोन हायड्रोमीटरला कधीच पकडता येणार नाही. वासाने ओळखतो म्हणणारे भेटतात. त्यांच्या नाकाची आणि यकृताची दोन्हीची काळजी वाटते. गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी, करून घ्या. अ‍ॅसिटोनला आयएस १७०, मेथॅनॉलला ५१७, टोल्युइनला ५३७ ही भारतीय मानकं आहेत. रिपोर्ट मागताना मानकाचं नाव घालून मागा.

थिनरने रंग पांढरा पडला

जुलैत फर्निचरवाला फोन करतो: लॅकर दुधाळ झालं. थिनरमध्ये पाणी असू शकतं, पण आधी त्या दिवसाची हवा विचारा. थिनर झपाट्याने उडालं की पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. राखून ठेवलेला नमुना कोरडा असेल तर माल बदलून देऊन काही होणार नाही, पुढचा ड्रमही पांढराच पडेल. त्याला थिनरमध्ये मिसळायचा सावकाश उडणारा सॉल्व्हंट, म्हणजे रिटार्डर, द्या, किंवा पाऊस थांबल्यावर काम करायला सांगा.

पावसाची झड रोखताना वाफ कोंडणं

झड आत येऊ नये म्हणून गोडाऊनच्या चारी बाजूंना ताडपत्री बांधायची, ती थेट जमिनीपर्यंत. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, टोल्युइनची तर तिपटीने. वर पंखा लावून तिला हात लागत नाही. ती फरशीवर पसरून दारापर्यंत सरकते. भिंतीच्या तळाची हवेची जाळी उघडीच राहिली पाहिजे; झड अडवायला तिच्यावर बाहेरून उतरता पत्रा लावा. आणि वीज गेल्यावर साधी बॅटरी घेऊन आत जाणं बंद. फ्लेमप्रूफ, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू न देणारा, टॉर्च एकदाच घ्यावा लागतो.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त सांगतो. टोल्युइन, हेक्झेन नळीतून वाहताना स्थिर वीज साठवतात, म्हणून भरताना दोन्ही भांडी तारेने जोडून जमिनीला जोडायची, चिमटा रंग खरवडलेल्या धातूवर लावायचा, नळी तळापर्यंत सोडायची. हे बरेच जण करतात. पण आपल्याकडचा जांभा उन्हाळ्यात खडखडीत कोरडा होतो आणि अर्थ पिटचा (अर्थिंगची तार जिथे जमिनीत पुरतात त्या खड्ड्याचा) रोध चढतो. ऑगस्टमध्ये मोजून घेतलेलं प्रमाणपत्र मे महिन्यात कामाचं नाही. मोजणी मेमध्येच करा.

आग विझवण्याच्या फोमबद्दल एवढंच: अ‍ॅसिटोन, आयपीए, मेथॅनॉलवर साधा फोम टिकत नाही, अल्कोहोल-रेझिस्टंट लागतो.

भरलेला ड्रम जड, तो कुठे जाणार?

जातो. २०० लिटर टोल्युइन साधारण १७३ किलो, पत्र्याचा ड्रम सतरा-अठरा किलो. एकूण वजन २०० किलोच्या आत, आणि ड्रम बाजूला सारतो ते पाणी २०० किलोच्या वर, म्हणजे पुरात भरलेला ड्रम चक्क तरंगतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडने पाणी कुठवर चढतं ते पाहिलंय. सखल गोडाऊन असेल तर ड्रम साखळीने बांधा. पाण्याहून जड असलेल्या मिथिलीन क्लोराईडचे ड्रम बुडून जागेवर राहतील, बाकीचे राहणार नाहीत.

परवाना सगळ्यांना सारखा समजणं

मिनरल टर्पेंटाईन बहुधा पेट्रोलियम कायद्याच्या वर्ग ब मध्ये येतं, आणि एक हजार लिटरपेक्षा मोठं भांडं नसेल तर एकूण २,५०० लिटरपर्यंत साठ्याला परवाना लागत नाही. हीच सवलत टोल्युइनला गृहीत धरणारे कमी नाहीत. वर्ग ठरतो फ्लॅश पॉइंटवर, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते त्यावर. टोल्युइनचा तो ४ अंशांच्या आसपास, म्हणून ते जास्त ज्वालाग्राही वर्ग अ मध्ये. तिथली ३० लिटरची सूट फक्त विक्रीसाठी नसलेल्या मालाला आहे. मेथॅनॉल तर विष म्हणून वेगळ्याच नियमांत बसतं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मेथॅनॉलने. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कामाचं कारण लिहून घेतल्याशिवाय एक कॅनही देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.